सिगर्डच्या रायफलीचं पान

हॅमर क्रीक गावात लहानथोर सगळे त्याला नुसतं अर्विड म्हणायचे. लोकेन हे आडनाव फक्त फाटकाबाहेरच्या पत्रपेटीवर होतं, तेही उन्हाने निम्मं पुसलेलं. उमेदीची सगळी वर्षं त्याने धान्याच्या कोठारावर गहू तोलण्यात घालवली. काम सुटल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीखाली ओढून घेतलं, आणि त्यानंतर त्या टेबलावर जेवणापेक्षा रायफलीच जास्त ठेवल्या गेल्या.

खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी चढते, त्या जुन्या लिव्हरच्या रायफली. आमच्याकडे त्या घराघरांत आहेत. कुठे दाराच्या वर, कुठे पिकअपच्या मागच्या काचेला. आजोबांची म्हणून जपलेल्या, कधी विकायला काढलेल्या. लोक अर्विडला एकच गोष्ट विचारायला येत. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, ती जिच्यातून बघायची ती मागची खाच, वर चढवलेली दुर्बीण आणि तिची बैठक, यातलं मूळचं काय आणि मागून कुणी लावलेलं काय?

तो आधी टेबल मोकळं करायचा. कॉफीचा कप खिडकीत ठेवायचा, हात पुसायचे, मग टोकाकडून सुरुवात. माशी जिथे बसते तिथल्या कडा तो नखाने चाचपून बघे. त्या धारदार असतील तर ती माशी कधी हललेली नाही. हातोडीचा एखादा ठोका बसलेला असेल तर कुणीतरी ती काढलेली आहे. स्क्रूच्या डोक्याची चीर ओरबाडलेली असली की तो जिभेने च्च करायचा, मुलाचा फाटका शर्ट बघून आई करते तसं. कपाटात कॉफीचे जुने डबे होते आणि त्यांत माश्या, खाचा, भोकाच्या चकत्या, बैठकांचे तुकडे. त्यातला एखादा काढून शेजारी ठेवायचा आणि म्हणायचा, हे बघ, ही मूळची अशी असते.

त्याचं म्हणणं असं की रायफल बघितली की मालकाचं वय कळतं. तरुणपणी माणूस साध्या खाचेतून नेम धरतो. चाळिशी उलटली की खाच धुरकट होते, मग तो भोकाची चकती बसवून घेतो, आणि पुढे तेही दिसेनासं झालं की दुर्बीण. काही रायफलींवर तिन्ही खुणा असतात. अशी रायफल हातात आली की अर्विड ती लगेच खाली ठेवत नसे. कुणाचा तरी दिवस हळूहळू मावळत गेलेला त्याला तिथे दिसत असावा.

एकदा गुरं पाळणाऱ्या एका रँचवाल्याने मोठ्या तोऱ्यात रायफल आणली. आजोबा डाकोटाहून निघाले तेव्हा हीच खांद्यावर होती, तेव्हापासून तिच्या एका स्क्रूलाही कुणी हात लावलेला नाही, असं त्याचं भाषण झालं. अर्विडने ती उलटसुलट केली.

“माशी आजोबांची,” तो म्हणाला. “खाच तुझ्या वडिलांनी बदलली. आणि दुर्बिणीसाठीची ही चार भोकं तुझ्या मेव्हण्याची.”

“मेव्हण्याची कशावरून?”

“वाकडी आहेत.”

मेव्हणा दारातच उभा होता. सगळ्यात उशिरा तोच हसला, पण हसला. अर्विडचं असंच होतं. तो कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द इकडचा तिकडे करत नसे, आणि म्हणूनच लोक येत. लोकेनने मूळचं म्हटलं की ते मूळचं.

एकट्या माणसाला काहीतरी नाद हवाच, असं गाव म्हणे. लग्न नाही, कुत्रं नाही, टीव्हीवर नुसतं हवामान बघतो. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत होतं की हा नाद कुठून आला. त्याबद्दल ती बोलत नसत. मला ते पुढे अर्विडकडूनच कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर शेजारीण म्हणून मी त्याला ग्रेट फॉल्स शहरात डॉक्टरकडे घेऊन जायची. गाडीत दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात, त्यामुळे काही माणसांना तिथेच बोलता येतं.

अर्विड कोरियाच्या लढाईवर होता, त्या वर्षीची गोष्ट. त्याचा थोरला भाऊ सिगर्ड आणि शेजारच्या रँचवरचा वेंडेल टेबर नोव्हेंबरात एल्क हरणं मारायला डोंगरात गेले. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. वेंडेलची बहीण लोरीन हिच्याशी सिगर्डचं लग्न ठरलेलं होतं, वसंतात व्हायचं होतं. वर दाट झाडीत बर्फ पडायला लागला. दोघं पांगले. संध्याकाळी सिगर्ड घोड्यावर वेंडेलला आडवा घालून टेबरांच्या अंगणात आला. वेंडेलच्या पाठीत सिगर्डची गोळी होती.

शेरीफ दुसऱ्या दिवशी आला, कारण रस्ता बर्फाने बंद होता. शाळेच्या हॉलमध्ये चौकशी झाली. टेबलावर सिगर्डची रायफल ठेवलेली, सॅव्हेज कंपनीची, आणि तिच्यावर दुर्बीण.

ती दुर्बीण सगळ्यांनी बघितली, आणि तिथेच गावाचा निकाल लागला.

आमच्याकडे मुलाला चालता येण्याआधी हे शिकवतात, असं म्हटलं तरी चालेल. रायफलीवरच्या दुर्बिणीतून फक्त तेच बघायचं, जे मारायचं ठरलेलं आहे. नुसतं बघायचं असेल तर गळ्यात वेगळी दुर्बीण असते. लांब काय हललं हे बघायला जो रायफल उचलून डोळ्याला लावतो, तो माणसावर नळी रोखतो, आणि त्याच्याबरोबर कुणी डोंगरात जात नाही. उघड्या माशीवर नेम धरून, बर्फात, संध्याकाळी चूक झाली, तर ते दुर्दैव. आमच्या दरीत अशी एक गोळी आधीही कुणाला तरी लागली होती, आणि ज्याच्या हातून लागली त्याच्या घरी बायकांनी महिनाभर जेवण पोचवलं. पण दुर्बिणीतून? दुर्बिणीतून टोपीचं बटणसुद्धा दिसतं. म्हणजे सिगर्ड नुसता बघत होता, आणि बघताना बोट चापावर होतं.

सिगर्डला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की मी मारलं. दुर्बिणीबद्दल त्याने तोंड उघडलं नाही.

अपघात म्हणून कायद्याने प्रकरण मिटवलं. लोरीनने अंगठी परत पाठवली. रायफल मात्र तिच्या वडिलांनी सिगर्डला परत नेऊ दिली नाही. ती त्याच्या घरात लटकता कामा नये, असं म्हणून त्यांनी ती स्वतःच्या गोठ्यात दोन खिळ्यांवर ठेवली, आणि ती तिथेच राहिली.

चर्चच्या तळघरात वर्षातून एकदा लुटफिस्कचं जेवण असतं. क्षारात भिजवून फुगवलेला वाळका मासा, त्यावर वितळलेलं लोणी, बटाटे, आणि लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या गुंडाळ्या. त्या वर्षीपासून लोकेन मंडळी दाराजवळच्या टेबलावर बसायला लागली. त्यांना तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. बाकीची टेबलं भरलेली असायची, एवढंच. ते दार सारखं उघडतं आणि पायांवर गार झोत येतो, म्हणून एरवी तिथे कुणी बसत नाही. लढाईवरून परत आल्यावर अर्विडही तिथेच बसला. आईवडील गेले, सिगर्डही एका मार्चमध्ये गेला, तरी अर्विड तिथेच बसत राहिला.

भावाला त्याने एकदाच विचारलं होतं. दोघं कुंपणाची तार ओढत होते. सिगर्डने पक्कड खाली ठेवली, थोडा वेळ डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, “बंदूक फार स्वच्छ पुसली होती.” मग परत तार ओढायला लागला. अर्विडला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. त्यानंतरच त्याने पहिली जुनी बैठक विकत घेतली आणि खोलून बघितली. दुर्बिणी कशा बसतात, कशा निघतात, कुठल्या काळात कोण कसं भोक पाडायचं, हे तो शिकत गेला. टेबरांच्या गोठ्यात जाऊन ती रायफल मला दाखवा, असं म्हणण्याची मात्र त्याची कधी हिंमत झाली नाही.

आणि मग एका सप्टेंबरात लोरीन टेबर स्वतःच ती घेऊन आली.

मधल्या काळात ती लग्न करून बिलिंग्जला गेली होती. नवरा वारल्यावर परतली ती रँच विकायलाच. गोठा रिकामा करताना रायफल निघाली. ती एका जुन्या रजईत गुंडाळून तिने अर्विडच्या टेबलावर ठेवली आणि कोट न काढता खुर्चीवर बसली. लिलाववाला विचारतोय की दुर्बिणीची बैठक त्या काळची आहे की नंतरची, असं तिने सांगितलं. अर्विडने कॉफी ओतली. तिने कपाला हात लावला नाही.

“लिलाववाल्याचं राहू दे,” ती मग म्हणाली. “मला कळायला हवंय. त्या दिवशी ती दुर्बीण वर होती का?”

अर्विडने रजई बाजूला केली. हातांना त्यांचं काम माहीत होतं.

सॅव्हेजला दुर्बीण बाजूने बसवतात. रायफलीच्या डाव्या अंगावर पोलादाची एक पट्टी कायमची स्क्रूने जखडलेली असते, आणि तिच्यावर दुर्बीण मागून पुढे सरकवून एका खटक्याने अडकवतात. खटका सोडला की दुर्बीण निघते. अशा बैठका लोक मुद्दाम घेत, कारण बर्फात काचा भरून जातात आणि दाट झाडीत दुर्बीण निरुपयोगी ठरते. मग ती काढून चामड्याच्या खोळीत घालायची आणि नळीवरचं पान उभं करायचं. मागची खाच त्या पानात कोरलेली असते. पान उभं केलं की साध्या माशीवर नेम धरता येतो. दुर्बीण परत चढवायची असेल तर आधी पान पाडावं लागतं, नाहीतर दुर्बिणीची नळी त्याच्यावर घासते. शिकारी माणसाचं बोट हे न विचारता करतं.

अर्विडने पट्टी बघितली. स्क्रूच्या चिरा कोऱ्या होत्या, स्क्रू जाणकार हाताने एकदाच बसवलेले. पट्टीच्या कडेने मुलामा गडद राहिला होता. बैठक त्या काळचीच होती. त्याने तिला तसं सांगितलं.

“म्हणजे होती वर,” लोरीन म्हणाली.

“पट्टी होती. दुर्बिणीचं वेगळं बघावं लागतं.”

मग त्याने रायफल उलटी करून दुर्बिणीच्या खालून खिडकीकडे धरली. दुर्बिणीच्या पोटाशी पान उभं होतं. गंजून उभंच थिजलेलं, किंचित पुढे वाकलेलं. आणि दुर्बिणीच्या खालच्या बाजूला, पुढून मागे, एक लांब ओरखडा.

त्याने ते परत बघितलं. भिंग लावून बघितलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते इतकं लहान असेल, असं त्याला वाटलं नव्हतं, असं तो मला म्हणाला. पान उभं होतं, म्हणजे सिगर्ड साध्या माशीवर नेम धरत होता आणि दुर्बीण खोळीत होती. तो कुणाला बघत नव्हता. त्याला बर्फात तपकिरी काहीतरी हललेलं दिसलं आणि त्याने गोळी झाडली. तरीही ते भयंकरच होतं. पण गावाने ज्यासाठी त्याला दाराजवळ बसवलं, ते त्याने केलं नव्हतं.

मग दुर्बीण वर चढवली कुणी? पान पाडायचं असतं हे ज्याला माहीत नाही, अशा कुणीतरी.

त्याने विचारलं की त्या दिवसानंतर बंदुकीला कुणाकुणाचा हात लागला. लोरीन म्हणाली, कुणाचाच नाही, शाळेतून आणली ती वडिलांनी गोठ्यात ठेवली, आणि मग त्या खिळ्यांकडे घरातलं कुणी बघतही नसे. त्याच्या आधी? आधी ती त्यांच्या ओसरीवर पडली होती, चिखलाने आणि बर्फाने भरलेली.

“शेरीफ यायच्या आधी मीच ती पुसली,” ती म्हणाली. “दुसऱ्याची बंदूक तशी कशी देणार? आईने तेच शिकवलं होतं. घेतलीस तशी दे, त्याहून स्वच्छ दे. दुर्बीण खोगिराच्या पिशवीत होती, तीही पुसून जागेवर लावली. आमच्या घरातून कुणाची वस्तू अर्धी बाहेर गेलेली नाही.” ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. दुर्बीण पिशवीत होती, हे आपण आत्ता काय बोललो, ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या पहाटे तिच्या डोक्यात दुसरं काही मावतच नव्हतं, आणि नंतर दुर्बिणीची गोष्ट गावभर झाली तेव्हा ती पहाट तिला आठवत नव्हती. ती फक्त वेंडेलला आठवत होती.

त्या वेळी अर्विडला भावाचं कुंपणाच्या तारेजवळचं वाक्य कळलं. शाळेच्या टेबलावरची ती लखलखीत रायफल बघूनच सिगर्डने ओळखलं असणार की ती कुणी पुसली, कुणी जोडली. दुर्बीण वर नव्हती म्हणावं, तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग लावली कुणी? ज्या मुलीचा भाऊ आपल्या हातून गेला, तिच्यावर हॉलभर डोळे वळले असते. तो गप्प बसला, आणि मरेपर्यंत गप्पच राहिला.

लोरीन उत्तराची वाट बघत होती. अर्विडने भिंग खाली ठेवलं आणि बंदूक इथेच राहू दे म्हणाला, अजून नीट बघायला हवी.

गावात याची थट्टा झाली. अर्विडला एका रायफलीला आठवडे लागतात म्हणजे डोळे पुरते गेले, असं लोक म्हणायचे. त्या दिवसांत मी त्याला गाडीतून नेत होते. तो खिडकीबाहेर बघत असायचा. कापलेली शेतं, गवताची गोल गाठोडी, टेलिफोनच्या खांबांवर बसलेले ससाणे. एकदा त्याने मला विचारलं, “खरं सांगितल्याने एकाचं नाव धुतलं जाणार असेल आणि दुसऱ्याचं काळवंडणार असेल, तर तू काय करशील?” मी काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं ते मला आता आठवत नाही, आणि त्याने ते ऐकलंही नसावं.

पहिला बर्फ पडल्यावर लोरीन परत आली. आता कोट काढून बसली. “तू मला टाळतोयस,” असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. रायफल टेबलावरच होती. अर्विडने कॉफी केली, हवेची गोष्ट काढली, रँच कोण घेतंय ते विचारलं. तिने सगळ्याची दोन शब्दांत उत्तरं दिली आणि मग ती दुर्बीण काढून दाखव म्हणाली. खटका गंजलाय, जपून काढावी लागेल, पुढच्या आठवड्यात बघू, असं तो म्हणाला.

लोरीन उठली. तिने रायफल स्वतःच्या मांडीवर घेतली, खटक्यावर अंगठा दाबला, आणि रँचवर वाढलेल्या बाईच्या ताकदीने दुर्बीण मागे ओढली. ती खरखर आवाज करत निघाली. लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब, दातांना झोंबणारा आवाज.

ती तशीच थांबली. दुर्बीण तिच्या एका हातात, रायफल मांडीवर, आणि नळीवर ते पान उभं.

“हा आवाज मला माहीत आहे,” ती म्हणाली.

अर्विडने भिंग उचलून खिशात टाकलं.

“लावतानाही असाच आला होता. बसत नव्हती. मी जोर लावला. मला वाटलं थंडीने आखडली असेल.”

“थंडीनेच असेल,” अर्विड म्हणाला. “त्या दिवशी फार थंडी होती.”

लोरीनने त्याच्याकडे बघितलं. “अर्विड, या टेबलावर तू कधी खोटं बोलला नाहीस. आता म्हातारपणी नको सुरू करूस.”

तिने दुर्बिणीच्या खालचा ओरखडा बोटाने चाचपला, मग पानाचं टोक. तिला शिकवायची गरज नव्हती. त्या पहाटे ती घाबरलेली मुलगी होती. त्यानंतरच्या आयुष्यात नवऱ्याबरोबर तिने स्वतः शिकार केली होती, पान पाडायचं असतं हे तिला आता ठाऊक होतं. ती रडली नाही. कॉफी गार झाली तरी तिने पूर्ण प्यायली आणि कप धुऊन पालथा ठेवला. जाताना दारात तिने एकच विचारलं, सिगर्डला कळलं होतं का. अर्विडने तिला तारेजवळचं वाक्य सांगितलं.

रायफल तिने नेली नाही.

त्या वर्षीच्या लुटफिस्कच्या जेवणाला मी होते, ताटं वाढायला. अर्विड दाराजवळच्या टेबलावर नेहमीसारखा एकटा. लोरीन आली ती मधल्या टेबलांकडे गेली, जिथे टेबर मंडळींची जागा असे, पण बसली नाही. ताट हातात धरून उभी राहिली. ती बोलायला लागली तेव्हा आधी कुणाचं लक्ष नव्हतं, मग हळूहळू काटे खाली गेले.

“सिगर्डच्या बंदुकीवर त्या दिवशी दुर्बीण नव्हती,” ती म्हणाली. “ती मी लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याने मला वाचवलं आणि तुम्ही त्याला तिथे बसवलंत. मीसुद्धा.”

तळघरात फक्त कढईतल्या लोण्याचा आवाज राहिला. मग कुणीतरी खाकरलं. एक म्हातारी बाई म्हणाली की बटाटे गार होताहेत, आणि तेवढ्यावर सगळे परत जेवायला लागले. दोन-तीन माणसं उठून अर्विडकडे गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आली. त्यातल्या एकाने त्याला मधल्या टेबलावर जवळजवळ ओढूनच नेलं. अर्विड गेला. त्याच्या ताटातला मासा तसाच राहिला होता.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण गावाला काहीतरी घडलं की कुणाचं तरी नाव लागतं. सिगर्डचं नाव पुसलं गेल्यावर त्या जागी दुसरं आलं. पोस्टात बोलणं सुरू झालं की एवढी वर्षं गप्प कशी राहिली. कुणी म्हणालं, पुसताना तिला कळलंच असणार. कुणी म्हणालं, लग्न मोडायला कारणच हवं होतं. पोस्टाच्या खिडकीशी अर्विड एकदा चिडून बोलला, तसं चिडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं, मी स्वतः बघितलंय, असं त्याने सांगितलं. लोकांनी मान डोलावली. पण माणसाबद्दल तो सांगतो तेव्हा त्याचा शब्द रायफलीबद्दलच्या शब्दाइतका चालत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

लोरीनने रँच विकली, पण गाव सोडलं नाही. चर्चच्या मागच्या गल्लीत लहानसं घर घेतलं. लोक तिला नमस्कार करत, हवेबद्दल बोलत आणि पुढे जात.

अर्विडने रायफल स्वतःच्या दाराच्या वर टांगली. दुर्बीण काढून, पान उभंच ठेवून. ते गंजतंय, तेलाचा एक थेंब दे, असं मी एकदा म्हणाले. तेल दिलं की पान सुटेल आणि मग कुणीतरी ते पाडेल, असं तो म्हणाला.

पुढच्या नोव्हेंबरात परत जेवण झालं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे अर्विडला आता लांबचं स्वच्छ दिसत होतं, आणि तो मधल्या टेबलावर मानाने बसवला गेला होता. शेजारी कुणीतरी त्याला आपल्या रायफलीबद्दल सांगत होतं. लोरीन उशिरा आली. बाकीची टेबलं भरली होती. ती दाराजवळच्या टेबलावर बसली आणि शाल खांद्यावर ओढून घेतली.

अर्विड उठला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात लोण्याची वाटी, हळूहळू टेबलांमधून वाट काढत तो तिच्या समोर जाऊन बसला.

“इथे वारा लागतो,” लोरीन म्हणाली.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला, आणि लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली.